सलूनवरची केस

मी आता जे सांगणार आहे त्यातलं एक अक्षरही तुम्हाला पटणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. ह्या सलूनच्या बाकावर बसून मी आजवर जे जे खरं सांगितलं ते कोणाच्या गळी उतरलं नाही; आणि मध्येमध्ये चव यावी म्हणून जे थोडं इकडचं तिकडचं मिसळलं, त्याला मात्र लोकांनी अशा काही माना डोलावल्या की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात बचावला. तेव्हा पटवून घेऊ नका. फक्त मान स्थिर ठेवा.

हे सगळं मी सांगत होतो ते खुर्चीत बसलेल्या बँकवाल्यांना. आमच्या इमारतीत ते नव्यानेच राहायला आले आहेत. गळ्याभोवती पांढरं कापड बांधून घेता घेता आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी सहज विचारलं, "काका, संध्याकाळचं एमबीए करावं म्हणतोय. नोकरी सांभाळून होतं म्हणतात. फी भरायची मुदत जवळ आलीय. तुमचं काय मत?"

आता हा प्रश्न माणसाने जगात कोणालाही विचारावा. मला विचारला! त्यांच्या मागे उभा राहून कात्री चालवणारा आर्टिस्ट खाकरला. आर्टिस्ट म्हणजे ह्या सलूनचा मालक. सलूनवाला म्हटलेलं त्याला चालत नाही. केस कापणं ही कला आहे असं त्याचं म्हणणं. त्यामुळे तुम्ही काय सांगितलंत आणि त्याने काय कापलं ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

तर बँकवाले, ऐका.

मी कुलपांच्या कारखान्यात होतो. रवानगी विभागात. तयार झालेली कुलपं खोक्यात भरून गावोगाव पाठवायची, हे आमचं काम. मी विभागाचा उपप्रमुख. उपप्रमुख हा प्राणी मोठा विचित्र. चूक झाली की ती थेट त्याच्या टेबलावर येते आणि शाबासकी आली की ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाते. आमचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी पडली. काय खुर्ची होती! डोक्यापर्यंत पाठ, दोन्ही बाजूंना हात, खाली चाकं. माझ्या खुर्चीला हात नव्हते, आणि एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता. त्या पुठ्ठ्यावर तोल सांभाळत मी उभी हयात काढली, ती एवढ्याच आशेवर की कधीतरी आपण चाकांवर जाऊ.

आणि नेमकं त्याच सुमाराला एक खोकं चुकलं. कुलपं एका गावाला गेली आणि किल्ल्या दुसऱ्याला. वास्तविक ह्यात आभाळ कोसळण्यासारखं काय होतं? त्या दोन गावांनी आपसात बोलून घेतलं असतं तर मिटलं असतं. पण माणसं हल्ली समजूतदारपणे वागतच नाहीत. जनरल मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याला काय म्हणतात माहीत आहे?"

"घोटाळा," मी म्हणालो.

"सप्लाय चेन मॅनेजमेंट," ते म्हणाले. "ते नसलं की घोटाळा. त्या खुर्चीत आता मला एमबीए झालेला माणूस हवा. तुम्ही करून दाखवा, मी थांबतो. नाहीतर आपला टायवाला आहेच."

टायवाला म्हणजे आमच्याच विभागात नवीन लागलेला, टाय बांधून येणारा एक मुलगा. रवानगी विभागात टाय! खोकं उचलताना तो टाय खोक्याच्या पट्टीत अडकायचा आणि पट्टीबरोबर ह्यालाही बांधून गावाला पाठवावं असं माझ्या मनात यायचं. पण तो मला 'सर' म्हणायचा, हसून बोलायचा आणि कामात चुकायचा नाही. अशा माणसाचा राग करणं किती अवघड असतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती उशीला खोळ घालत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "खुर्चीच हवी ना? बाल्कनीत एक पडून आहे. हात आहेत तिला."

"अगं, मानाचा प्रश्न आहे."

"मग करा. पण सकाळी उठवायला मी येणार नाही."

विद्यापीठात प्रवेश घ्यायला गेलो. व्यवस्थापन शाखेची इमारत टेकाडावर. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा धापा टाकत वर पोचलेला माणूस फारसे प्रश्न विचारत नाही म्हणून. खिडकीतल्या बाईंनी माझे कागद उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "अनुभवाचा दाखला हवा. विभागप्रमुखांच्या सहीचा."

"विभागप्रमुख नाहीत."

"रजेवर आहेत?"

"खुर्चीच रिकामी आहे. ती मला मिळावी म्हणूनच तर एमबीए करतोय."

"मग मिळाली की या. तुम्हीच सही करा."

"पण एमबीए झाल्याशिवाय मिळणार नाही!"

"आणि सहीशिवाय एमबीए होणार नाही," बाई म्हणाल्या, आणि अतिशय मायेने माझे कागद परत दिले. ह्या बाईंना व्यवस्थापन शाखेत कोणी शिकवायला का ठेवलं नव्हतं, हा प्रश्न मला आजही पडतो. शेवटी निवृत्त प्रमुखांच्या घरी जाऊन, त्यांच्या गुडघेदुखीची हकिकत आरंभापासून ऐकून सही आणली. त्यांनी ती जुन्या तारखेने केली. म्हणजे माझं उच्च शिक्षण सुरू झालं तेच मुळी लबाडीने. पुढे जे झालं ते बघता, फळ वेळेवर मिळालं म्हणायचं.

संध्याकाळच्या वर्गाचं काय सांगू? कारखाना सुटला की धावत बस, बसमधून उतरलं की ते टेकाड, वर पोचलं की बाक. बाकावर टेकलं की झोप. आमच्या गटात मी, एक दातांचे डॉक्टर आणि इस्पितळातल्या एक मोठ्या सिस्टर. तिघेही दिवसभर लोकांसाठी राबून आलेले. दातांचे डॉक्टर जांभई देत ती इतकी सविस्तर की त्यांची अक्कलदाढ मागच्या बाकावरून दिसे. मला डुलकी लागली की सिस्टर सवयीने माझी नाडी बघत, जिवंत आहे अशी खात्री करून घेत आणि मग स्वतः डोळे मिटत. फळ्यावर मॅडम बाजारपेठेची वर्तुळं काढत आणि आमची डोकी खाली खाली जात. मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान. मी त्यांना 'मॅडम' म्हणे, त्या मला 'सर' म्हणत. दारावरून जाणाऱ्याला नक्की कोण कोणाला शिकवतंय ते कळत नसे. कधीकधी आम्हालाही.

पण ओढत होतो. खोटं नाही सांगत, ओढत होतो. बसमध्ये पुस्तक उघडायचं, त्याच पानावर झोपायचं, त्याच पानावर उतरायचं. ते पान मला अजून पाठ आहे.

आणि मग आली ती केस.

मॅडमनी जाहीर केलं, "शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने एक केस करायची. एखादा छोटा धंदा निवडा. जा, बघा, मोजा, मालकाशी बोला. त्याचं बलस्थान काय, कमजोरी काय, सगळं लिहा. मालकाची लेखी संमती जोडा. मग तीन परीक्षकांसमोर उभं राहून मांडा. ह्यात पास तर पास."

मी ताडकन जागा झालो. छोटा धंदा! आमच्या इमारतीच्या खालीच तर आहे. गेली कित्येक वर्षं मी तिथे डोकं देतोय. माझ्या डोक्याचं आता काठापुरतंच काम उरलंय हे खरं, पण आर्टिस्टला वेळ मात्र पूर्ण डोक्याइतकाच लागतो, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाइकं ताटकळून निघून जातात. एवढी उघडी कमजोरी दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळणार?

घरी आल्या आल्या मी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. आमच्याकडे फोनवर नीट ऐकू येतं ते फक्त बाल्कनीत, आणि तेही ओरडून बोललं तर. मी ओरडून बोललो.

"ठरलं डॉक्टर! आमच्या सलूनवरच केस करतोय! ... हो हो, सोडतो काय त्याला! सगळ्या कमजोऱ्या बाहेर काढणार. लेखी! ... नाही, त्याला अजून काही कल्पना नाही. उद्याच जातो आणि मोजमापं घेतो. ... महिन्याभरात निकाल लावून टाकू!"

समोरच्या बाल्कनीत काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातली चादर अर्धी दोरीवर आणि अर्धी हवेत, तशीच राहिली. मी हसून हात केला. काकूंनी केला नाही. आत गेल्या. मला वाटलं, कुकर असेल.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लवकर निघालो, खिशात मोजपट्टी घातली आणि इथे आलो. ह्याच खुर्चीत बसलो. वर्गाला जायचं होतं म्हणून म्हटलं, दाढी कर आणि मिशी जरा नीट कर. आर्टिस्टचं नेहमीचं गाणं नाही, गप्पा नाही. त्याने फेस केला, लावला, उजवीकडून सुरुवात केली. मग वस्तरा पुसत म्हणाला, "साहेब, माझ्यावर केस करताय म्हणे?"

"कळलं वाटतं तुला!" मला आनंदच झाला. "अरे, तुझ्यावरच! एवढ्या धंद्यांतून तुझाच निवडला. अभिमान वाटायला पाहिजे तुला!"

"माझं काय चुकलं?"

"ते अजून शोधायचंय. सापडेल. बारकाईने बघितलं की सापडतंच."

"किती दिवस चालेल?"

"महिनाभर. मग तिघांपुढे उभं राहायचं."

"मी पण यायचं?"

"आलास तर उत्तमच! सगळं तुझ्याबद्दलच तर आहे!"

बँकवाले, त्या माणसाचा चेहरा मी आरशात बघत होतो, आणि मला वाटलं की त्याला भरून आलंय. आलं होतंच. फक्त वेगळ्या कारणाने. त्याने उजवीकडची मिशी एका झटक्यात साफ केली, वस्तरा मिटला, माझ्या गळ्याचं कापड ओढून काढलं आणि म्हणाला, "बाकीची कोर्टात."

मला वाटलं, थट्टा करतोय. कलाकार माणूस आहे. पण त्याने दार उघडून धरलं. वर्गाची वेळ झाली होती, घरी जायला सवड नव्हती. मी एका गालावर फेस आणि अर्धी मिशी घेऊन बस पकडली. बसमध्ये माझ्या उजवीकडे बसलेल्या बाईंनी मला एका माणसासारखं वागवलं आणि डावीकडच्यांनी दुसऱ्याच. वर्गात मॅडम बाजारातला हिस्सा म्हणजे काय ते शिकवत होत्या. माझ्याकडे बघून त्या जरा थबकल्या.

"सर... बाकीचं?"

"चालू आहे मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी फळ्यावरचं वर्तुळ पुसलं आणि उदाहरणासाठी वर्गाला माझ्याकडे बघायला सांगितलं. त्या दिवशी कोणी झोपलं नाही.

घरी आलो तर दाराच्या फटीतून नोटीस सरकवलेली. आमच्या वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. मोठा सज्जन माणूस. दर रविवारी काळा कोट उन्हात घालतात, झटकतात आणि परत कपाटात ठेवतात; त्या कोटाला ऊन ठाऊक आहे, कोर्ट ठाऊक नाही. त्यांनी लिहिलं होतं की आपण माझ्या अशिलाच्या केसांच्या धंद्यावर जी केस करू पाहता त्यामुळे त्यांची अब्रू गेली आहे, तरी खुलासा करावा.

आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावत वर गेलो.

"वकीलसाहेब, अहो, ही ती केस नव्हे! अभ्यासाची केस आहे. नुसती लिहायची."

वकिलांनी मला आत घेतलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कळलंय मला. काल तुम्ही बाल्कनीत ओरडत होतात तेव्हाच कळलं."

"मग नोटीस का पाठवलीत?"

"काका," ते माझा हात धरून म्हणाले, "किती दिवसांनी अशील आलंय. बायकोने सकाळी स्वतः कोटाला इस्त्री करून दिली. तुम्ही आता माघार घेऊ नका हो."

मी त्यांच्या घरून चहा पिऊन, केस मागे घेणार नाही असं अर्धवट आश्वासन देऊन खाली आलो. स्वभाव! माझ्यावर नोटीस काढणाऱ्याचं मन मोडवलं नाही मला.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींना कायदा आठवला. सोसायटीचा गाळा वादात असला तर तो वाद मिटेपर्यंत बंद ठेवायचा, असा म्हणे नियम होता. काकूंनी त्याला अनुमोदन दिलं. सेक्रेटरींनी सलूनचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप ठोकलं. आर्टिस्टने रस्त्यापलीकडच्या भिंतीला खिळा मारला, त्यावर हातातला आरसा टांगला आणि एका स्टुलावर गिऱ्हाइकं बसवायला लागला. धुळीत, उन्हात. येणारी जाणारी मुलं हसायची. ज्या माणसाला सलूनवाला म्हटलेलं सोसत नव्हतं, तो स्टूल पुसत उभा. मी समोरून गेलो की तो आरसा उलटा करायचा. माझं तोंडही त्यात पडू नये म्हणून.

आता बघा काय पेच झाला. मला हवी होती त्याची संमती. संमती नाही तर केस नाही, केस नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर खुर्ची नाही. आणि माझ्या खुर्चीपायी ह्याची खुर्ची कुलपात.

बायको म्हणाली, "अहो, जा आणि सरळ पाय धरा त्याचे."

"माझ्या मानाचं काय?"

"अर्धी मिशी घेऊन बसमध्ये बसलात तेव्हा कुठे होता तो?"

गेलो. स्टुलावर बसलो, म्हणजे त्याला जाता येईना. म्हटलं, "अरे, ऐक. केस म्हणजे ती कोर्टातली नव्हे."

"मग? डोक्यावरचे?"

"तेही नव्हेत."

"साहेब," तो म्हणाला, "केसात जन्म गेला माझा. तिसरा केस असतो हे कधी ऐकलं नाही."

मग मी त्याला सगळं सांगितलं. टेकाड, बस, तेच एक पान, पुठ्ठ्यावरची खुर्ची, टायवाला. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझ्या दुकानाबद्दल तुम्ही पुस्तकासारखं लिहिणार? मोठ्या मोठ्या लोकांना वाचून दाखवणार?"

"हो."

"त्यात मला काय म्हणणार?"

"आर्टिस्ट," मी म्हणालो.

त्याने आरसा सुलटा केला आणि तिथेच, उभ्या उभ्या, संमतीवर सही केली. वकिलांचा कोट परत कपाटात गेला. त्या माणसाबद्दल मला आजही वाईट वाटतं.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. सेक्रेटरी किल्ली घेऊन आले आणि कुलूप उघडेना. मी वाकून बघितलं. आमच्याच कारखान्याचं कुलूप! आणि नुसतं आमचं नाही, तर आकडा बघतो तो त्या चुकलेल्या खोक्यातलं. किल्ली दुसऱ्याच कुठल्या कुलपाची. ह्याची असलीच तर कुठल्या तरी गावात कोणा दुकानदाराच्या फळीवर. जमलेल्या माणसांनी माझ्याकडे बघितलं. रवानगी विभागाचा उपप्रमुख म्हणून त्या गल्लीत माझा जरा दबदबा होता. होता.

मी छाती पुढे काढून म्हणालो, "उद्या किल्ली आणतो."

कारखान्यात गेलो, तर बदली किल्ली मागवायच्या अर्जावर विभागप्रमुखाची सही लागते. पुन्हा तीच रिकामी खुर्ची. जनरल मॅनेजर दौऱ्यावर. मी ह्या खात्यातून त्या खात्यात फिरलो, ह्याला सांगितलं, त्याला विनवलं. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली आणि चहा पाजला. शेवटी दमून पुठ्ठ्यावर येऊन बसलो. टायवाल्याने विचारलं, "काय झालं सर?" मी सांगितलं. त्याने फोन उचलला, कुठल्याशा दुकानदाराला नावाने हाक मारली, कुलपावरचा आकडा सांगितला, दोन वाक्यं बोलला. दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या टेबलावर होती. "झालं सर," म्हणाला. हसून. सर म्हणून.

दुकान उघडलं. आर्टिस्टने खुर्ची पुसली, आरसे पुसले आणि पहिला मान मला देऊन माझी उरलेली अर्धी मिशीही काढून टाकली. मी मात्र त्या रात्री जेवलो नाही. बायकोने विचारलं तर म्हटलं, परीक्षा जवळ आलीय.

आणि आली परीक्षा. बँकवाले, आता खरी गंमत ऐका. खोटं वाटलं तर हा आर्टिस्ट इथे उभाच आहे.

"मान खाली," आर्टिस्ट बँकवाल्यांना म्हणाला.

रजा काढली होती. नवा शर्ट, हातात जाडजूड फाईल. टेकाड चढलो, पण काय सांगू, धाप म्हणून लागली नाही! हॉलमध्ये गेलो. समोर तीन परीक्षक. मधले अध्यक्ष, त्यांचे केस असे कपाळावरून डोळ्यांवर आलेले की त्यांना माझी फाईल दिसेना. मागे मॅडम, डॉक्टर, सिस्टर, सगळे टक्क जागे. मी बोलायला सुरुवात केली. धंदा म्हणजे काय, गिऱ्हाईक म्हणजे काय, ताटकळणं म्हणजे काय! माझ्या तोंडून असे शब्द बाहेर पडत होते की मीच थांबून ऐकत होतो. अध्यक्ष म्हणाले, "हे नुसतं कागदावर आहे की खरं?" मी म्हटलं, "खरं? बघा मग!" आणि दाराकडे हात केला. दारात हा उभा, पेटी घेऊन! ह्याने पुढे होऊन अध्यक्षांच्या गळ्यात कापड टाकलं आणि मी बोलत असताना, मी सुचवलेल्या पद्धतीने, घड्याळ लावून त्याने त्यांचे केस कापले. माझं भाषण आणि त्याची कात्री एका क्षणी थांबली. अध्यक्षांनी आरशात बघितलं. मग उरलेले दोन परीक्षक रांगेत उभे राहिले. टाळ्या अशा की टेकाडाखाली बस थांबली. विद्यापीठात पहिला आलो मी, पहिला! दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो तर सगळा विभाग उभा. जनरल मॅनेजरांनी ती चाकांची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत माझ्यापर्यंत आणली आणि म्हणाले, "बसा." टायवाल्याने पाठीमागे उशी सारली. आणि मी बसलो.

बँकवाल्यांचे डोळे आरशात चमकायला लागले होते. "म्हणजे करावं म्हणता, काका? उद्याच भरतो फी."

"डोळे मिटून भरा," मी म्हणालो. "खुर्ची ठेवलेली आहे."

कात्री थांबली.

"साहेब," आर्टिस्ट आरशाकडे बघतच म्हणाला, "बाकीच्या वेळी मी कधी मध्ये बोललो का? गिऱ्हाइकांचाही वेळ जातो, तुमचाही जातो. पण ह्यांना उद्या फी भरायचीय. त्या दिवशी मी कुठल्या अध्यक्षाचे केस कापले नाहीत. दुकान सोडून मी कुठे गेलोच नव्हतो. तुम्हीही गेला नव्हतात. खुर्चीत बसलात, हे मात्र खरं. ह्या खुर्चीत. नवा शर्ट, हातात फाईल, असे सकाळी आत आलात आणि म्हणालात, 'ती खुर्ची त्या पोराचीच आहे रे. तोंडावर टॉवेल टाक, आणि कोणी विचारलं तर परीक्षेला गेलोय म्हणून सांग.' वहिनी दारात येऊन गेल्या, त्यांनाही मी तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोनदा दाढी केली मी तुमची. तिसऱ्यांदा करायला काही उरलंच नव्हतं. नुसता फेस लावत होतो, आणि पुसत होतो."